कॅरोल लोम्बार्ड: वेडेपणा नव्हे, कसब

स्क्रूबॉल कॉमेडीचा, म्हणजे 1930 च्या दशकातल्या हॉलीवूडच्या वेगवान, वेड्यावाकड्या प्रेमविनोदांचा, विषय निघाला की त्यांतली नटी कॅरोल लोम्बार्ड हिच्याबद्दल हमखास ऐकू येतं, "ती मुळातच अवखळ होती, कॅमेऱ्यासमोर नुसती वागत गेली." मला हे अजिबात पटत नाही. तिच्या अवखळपणामागे कमावलेलं कसब आहे आणि ते पडद्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

जन्म 1908 चा, इंडियानातल्या फोर्ट वेनचा. मूळ नाव जेन अ‍ॅलिस पीटर्स. विशीच्या आतच मोटार अपघातात काचेने डावा गाल चिरला. व्रण राहिला, फॉक्स स्टुडिओतलं काम सुटलं. मग आसरा मिळाला विनोदी चित्रपटांचा निर्माता मॅक सेनेटकडे, दोन रिळांच्या विनोदी मूकपटांत. वीसेक मिनिटांच्या त्या धुमाकुळात पडायचं कसं, आणि मार बसणार हे माहीत असूनही चेहऱ्यावर आधी दिसू द्यायचं नाही ते कसं, याची तालीम झाली.

व्रणामुळे ती प्रकाशयोजना शिकली. दिवा बाजूने आला की व्रणाची कड सावली धरते. समोरून भरपूर प्रकाश टाकला आणि भिंगापुढे प्रकाश मऊ करणारी काच लावली की तो पुसट होतो. हे तिने कॅमेरामनकडून समजून घेतलं. कॅमेरामन टेड टेट्झलाफसोबत तर एकामागून एक चित्रपट केले. माझ्या मते तिच्या मोकळेपणाचं मूळ इथे आहे. दिवा कुठे आहे हे पक्कं ठाऊक असलेली नटीच फ्रेममध्ये बिनधास्त उड्या मारू शकते.

1930 पासून पॅरामाउंट स्टुडिओने तिला बहुतेक वेळा छान कपडे घालून उभं केलं, बस. कोंडी फुटली ती 1934 मध्ये, कोलंबिया स्टुडिओच्या 'ट्वेंटिएथ सेंच्युरी'त. समोर जॉन बॅरीमोर, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. आगगाडीच्या डब्यातल्या भांडणात ती त्याच्यावर लाथा झाडते, तेव्हा पाय, आवाज आणि राग एकाच लयीत चालतात.

पण खरा अभ्यास करायचा तो 'माय मॅन गॉडफ्री'चा (1936). गॉडफ्रीच्या भूमिकेत विल्यम पॉवेल, म्हणजे तिचा घटस्फोटित नवरा. नायिका आयरीनच्या भूमिकेसाठी लोम्बार्डचं नाव त्यानेच सुचवलं होतं. आयरीन बेशुद्ध पडल्याचं सोंग करते, गॉडफ्री तिला कपड्यांसकट थंड शॉवरखाली उभं करतो, आणि ती निथळत्या अंगाने पलंगावर उड्या मारत सुटते: याचं माझ्यावर प्रेम आहे! तिच्या डोळ्यांकडे बघा. तिथे थट्टेचा मागमूस नाही. आयरीनला हा तर्क शंभर टक्के पटलाय. नक्कल करणाऱ्या नट्या इथेच घसरतात. 'मी किती गंमत करतेय' हे त्या प्रेक्षकाला डोळ्यांनी सांगतात आणि विनोद जागीच मरतो. दुसरी चूक नुसत्या वेगाची. लोम्बार्ड भरधाव बोलते, वाक्य अर्धवट टाकून पुढच्यावर उडी घेते, पण शब्द गिळत नाही. या भूमिकेला ऑस्कर नामांकन मिळालं.

गंभीर भूमिकांचा हट्ट मात्र मला खटकतो. 'व्हिजिल इन द नाइट'मधली (1940) परिचारिका तिने प्रामाणिकपणे केलीय, पण आवाज एकाच पट्टीत अडकला आहे.

कळस म्हणजे दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिट्शचा 'टू बी ऑर नॉट टू बी' (1942). इथे तिने सगळा धुमाकूळ आवरला. नाझी हेर प्रोफेसर चुंबन घेतो आणि ती विरघळल्यासारखी, जेमतेम ऐकू येईल अशी म्हणते, "हाइल हिटलर." दोन शब्द, आणि त्या माणसाच्या सगळ्या रुबाबाची माती. चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, 16 जानेवारी 1942 ला, ती नेव्हाडात विमान अपघातात गेली. वय 33. इंडियानापोलिसला युद्धरोख्यांची (युद्धखर्चासाठीच्या सरकारी कर्जरोख्यांची) 20 लाख डॉलरहून जास्त विक्री करून परतत होती. विमानात काय होणार, अशा अर्थाचं तिचं एक वाक्य चित्रपटातून काढावं लागलं.

बघायला सुरुवात 'गॉडफ्री'पासून करा, मग 'ट्वेंटिएथ सेंच्युरी', शेवटी लुबिट्श. 'गॉडफ्री' आणि 'नथिंग सेक्रेड' (1937) यांचा अमेरिकेतला कॉपीराइट संपल्यामुळे इंटरनेटवर खराब प्रतींचा सुळसुळाट आहे. खरखरत्या आवाजात तिची अर्धी वाक्यं हरवतात. दुरुस्त केलेली प्रत शोधा, 'गॉडफ्री'ची मागाहून रंगवलेली आवृत्ती टाळा. 'नथिंग सेक्रेड' मूळचाच टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत चित्रित केलेला आहे; त्यातले चेहरे विटकरी दिसले तर प्रत बदला.