एकाच गळ्याचा कोरस खोटा असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

ब्लाइंड गार्डियन या जर्मन बँडच्या २००२ सालच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या अल्बमवर मी लिहिलेला लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि जिथे पटले नाही तिथे स्पष्ट शब्दांत तसे सांगितलेत, याबद्दल आपला आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. एकाच गायकाचा आवाज थरावर थर चढवून कोरस उभा करणे ही श्रोत्याची फसवणूक आहे, हा पहिला. मंचावर चार-पाच माणसांना जे उभे करता येत नाही ते त्या बँडचे संगीतच नव्हे, हा दुसरा. आणि या हव्यासापायी ड्रम गाडले गेले, पुढे ड्रमरही बँड सोडून गेला, पण मी हे सोयीस्करपणे टाळले, हा तिसरा. पहिले दोन मला मान्य नाहीत. तिसऱ्याबाबत आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे.

प्रथम एक तपशील दुरुस्त करतो. या अल्बममधील कोरस एकट्या हान्सी क्युर्श या बँडच्या गायकाचा नाही. मुख्य आवाजाचे थर त्यांचे आहेत, परंतु मागच्या समूहस्वरांसाठी बिली किंग, रॉल्फ क्योलर, थॉमस हॅकमन आणि ओलाफ सेंकबाइल असे गायक स्टुडिओत आलेले होते आणि १९९८ च्या अल्बमवरही हे काम त्यांनीच केले होते. क्युर्श यांनी १९९५ पर्यंत गाण्याबरोबर बास गिटारही वाजवली; १९९८ च्या अल्बमपासून बास ऑलिव्हर होल्झवार्थ यांच्याकडे गेला आणि क्युर्श केवळ गाऊ लागले. समूहस्वरांची ही वाढ त्यानंतरची आहे, हे लक्षात घ्यायला हवे. हातातले वाद्य सुटल्यावर या माणसाने सारी मेहनत गळ्यावर केली.

आता फसवणुकीच्या मुद्द्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओत मित्राच्या गाण्यासाठी मी एक ओळ गायलो. कोरस हवा होता आणि माणसे नव्हती, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी माझ्या त्या एकाच ओळीच्या चार प्रती एकावर एक ठेवून ऐकवल्या. आवाज फक्त मोठा झाला. माणूस एकच राहिला. मग त्यांनी तीच ओळ मला चार वेळा नव्याने गायला लावली आणि त्या छोट्या खोलीत अचानक चार जण उभे राहिल्यासारखे वाटले. प्रत्येक वेळी स्वर केसभर वरखाली होतो, शब्द निमिषभर मागेपुढे पडतो, आणि या सूक्ष्म फरकांतूनच कानाला समूहाचा भास होतो. ओळीच्या शेवटी 'स' होता, तो चार ठिकाणी चार वेळा शिट्टीसारखा वाजू लागला. तेव्हा पहिल्या वेळी 'स' पूर्ण उच्चारायचा आणि उरलेल्या तीन वेळा तो गिळायचा, असे त्यांनी मला शिकवले. एका ओळीला दीड तास लागला. यंत्राने नक्कल करून कोरस तयार होत असता तर हा दीड तास लागलाच नसता. आपण ज्याला थर म्हणता, त्यातला प्रत्येक थर कोणीतरी प्रत्यक्ष श्वास घेऊन गायलेला असतो.

देवळातल्या भजनात टाळकरी अभंगाचे चरण उचलतात तेव्हा जो भरणा ऐकू येतो, त्याचेही कारण हेच आहे. वीस गळे कधीही तंतोतंत एका क्षणी, एका स्वरावर येत नाहीत, आणि म्हणूनच ते वीस असल्याचे आपल्याला कळते. स्टुडिओत हेच काम चार-पाच गळे वेगवेगळ्या वेळी करतात. सगळे एकाच वेळी गायले नाहीत म्हणून त्यातील गाणे खोटे ठरत नाही.

अल्बमचे नाव क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७५ च्या अल्बमवरून उचलले आहे, असे आपण काहीशा नाराजीने लिहिले आहे. माझ्या मते ते नाव उघडपणे दिलेली ऋणाची कबुली आहे. क्वीनने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा ऑपेरासारखा भाग २४ ट्रॅकच्या टेपवर, तीन जणांच्या आवाजात, पुनःपुन्हा थर चढवून ध्वनिमुद्रित केला. थरांची संख्या १८० च्या घरात गेल्याचे सांगितले जाते, आणि टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली होती. ज्या बँडने ही परंपरा पुढे न्यायची ठरवली, त्याला स्टुडिओत वेळ घालवल्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही.

शिवाय इथे थरांना अर्थ आहे. अल्बमच्या शेवटी येणारे 'अँड देन देअर वॉज सायलेन्स' हे चौदा मिनिटांचे गाणे ग्रीक पुराणकथांतील ट्रॉय नगरीच्या विनाशाचे आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी आहे कसँड्रा, जिला भविष्य दिसते पण जिच्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. एक आवाज काही सांगू पाहतो आणि शहराचा गलबला त्याला पुन्हापुन्हा गिळतो. हे एका गिटारवर आणि एका गळ्यात मांडता येईल, परंतु तो गलबला ऐकू येणार नाही, आणि गलबला ऐकू आला नाही तर तिचे एकटेपण केवळ शब्दांत उरेल. 'बॅटलफिल्ड'मध्येही, जिथे प्राचीन जर्मन काव्यातील बाप-लेकाच्या झुंजीची कथा आहे, समूहस्वर भोवतालच्या सैन्याचे काम करतात.

मंचावर हे गाता येत नाही, हेही वस्तुस्थितीला धरून नाही. चौदा मिनिटांचे हे गाणे बँडने मंचावर सादर केले आहे आणि २०१७ च्या 'लाइव्ह बियाँड द स्फिअर्स' या ध्वनिमुद्रणात ते ऐकायला मिळते. थर तिथे पातळ आहेत, हे खरे, पण ती उणीव प्रेक्षक भरून काढतात. या बँडच्या मैफिलींत प्रेक्षकांनी अख्खी गाणी गाणे ही नित्याची गोष्ट आहे. तरीही मी या युक्तिवादावर फार भार देणार नाही. ध्वनिमुद्रित कृती आणि मैफील या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि पहिलीचे मोल दुसरीवरून ठरवणे मला पटत नाही.

आता ड्रमविषयी. पॉवर मेटलमध्ये, म्हणजे या बँडच्या वेगवान, सुरेल हेवी मेटल शैलीत, मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत दोन्ही पायांनी बास ड्रम वाजतो तेव्हा सेकंदाला बारा आघात होतात. एवढ्या जवळजवळचे आघात वेगळे ऐकू यायचे तर प्रत्येकाच्या सुरुवातीचा तो 'टक' असा तीक्ष्ण आवाज मोकळा राहावा लागतो. हा 'टक' ज्या कंप्रतेच्या पट्ट्यात असतो, साधारण त्याच पट्ट्यात गायकाची व्यंजने आणि मुद्दाम खरखरीत केलेल्या (डिस्टॉर्शनच्या) गिटारची धार असते. दोन आवाज एकाच पट्ट्यात आले की मोठा लहानाला झाकतो. मग दोनदा वाजवलेली गिटार डाव्या कानाकडे, दोनदा वाजवलेली उजव्या कानाकडे, त्यावर गिटारवादक आंद्रे ओलब्रिश यांच्या सुरावटींचे थर आणि त्यावर हा कोरस, एवढ्या सगळ्याखाली ड्रमरने मेहनतीने वाजवलेले बारकावे विरून जातात. निर्माते फ्लेमिंग रासमुसेन यांच्यासोबत केलेला १९९५ चा अल्बम लावून पाहा. तिथेही समूहस्वर भरपूर आहेत, पण ड्रमला श्वास घ्यायला जागा आहे. २००२ मध्ये ती जागा उरली नाही, हे आपले म्हणणे मी मान्य करतो.

ड्रमर थोमेन श्टाउख २००५ मध्ये बँडमधून बाहेर पडले आणि बँडच्या संगीताची बदललेली दिशा हे त्यामागचे एक कारण होते. त्याच वर्षी त्यांनी सॅव्हेज सर्कस या नव्या बँडतर्फे 'ड्रीमलँड मॅनर' हा अल्बम काढला, आणि तो ब्लाइंड गार्डियनच्या नव्वदच्या दशकातील संगीताच्या इतका जवळचा आहे की त्यांना काय हवे होते हे वेगळे विचारावे लागत नाही. मात्र एका अल्बमच्या मिक्सिंगमुळे ते गेले असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. मतभेद घडण आणि दिशा यांविषयीचे होते.

बँडलाही हे गाणे पुन्हा करून पाहावेसे वाटले, याची साक्ष २०१२ च्या 'मेमरीज ऑफ अ टाइम टु कम' या संग्रहात आहे. 'अँड देन देअर वॉज सायलेन्स' तिथे नव्याने वाजवून, नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित केलेले आहे. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ ऐकल्या तर नव्या आवृत्तीत ताल अधिक उघडा लागतो आणि जुन्यातला तो गुदमरवणारा गलबला काहीसा ओसरतो. मला स्वतःला अजूनही जुनीच आवृत्ती प्रिय आहे, कारण कसँड्रा तिथे अधिक एकटी वाटते. पण ड्रम ऐकण्यासाठी मी नवी लावतो.

आपल्या आक्षेपानंतर मूळ लेख पुन्हा वाचला. त्यात मी 'निर्दोष ध्वनिमुद्रण' असे शब्द वापरले होते. ते काढून टाकले आहेत आणि श्टाउख यांच्याविषयीचा परिच्छेद त्या जागी जोडला आहे.