धाप उतरली म्हणून दमा उतरत नाही

आषाढ लागला की रत्नागिरी-मालवणकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. दमा म्हणजे श्वासनळीला आलेला तात्पुरता पेटका. धाप लागली की निळा पंप ओढावा, उतरली की औषध बंद करावे. रोजच्या स्टेरॉइड पंपाने मुले खुजी राहतात. आणि समुद्राची हवा दम्याला मानवते.

पेटक्याची गोष्ट अर्धीच खरी आहे. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनळीचे स्नायू आवळतात, पण तिचे अस्तरही सुजलेले असते. दुखावलेले अस्तर आणि तेथे जमलेल्या इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिने, सोडत राहतात. टीजीएफ-बीटामुळे अस्तराखालचा कोलॅजेन या चिवट तंतूंचा थर जाड होतो, व्हीईजीएफमुळे पाझरणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात, ईजीएफच्या मार्गाने कफ करणाऱ्या पेशी वाढतात. ही प्रथिने शत्रू नव्हेत. जखम भरते ती त्यांच्याच बळावर. पण चिऱ्याच्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर आतून नवा गिलावा चढवत गेले, तर खोली लहानच होणार.

सर्वांत घातक सल्ला औषध बंद करण्याचा. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या प्रयोगात दम्याच्या ४८ स्वयंसेवकांपैकी ज्यांना केवळ नळ्या आवळणारे मेथाकोलिन हुंगवले, त्यांच्यात इओसिनोफिल वाढले नाहीत, तरीही कोलॅजेनचा थर वाढला, आधी साल्ब्युटामॉल, म्हणजे निळ्या पंपातले नळ्या सैल करणारे औषध, दिलेल्यांत तो वाढला नाही. निळ्या पंपाच्या कैवाऱ्यांना यात आपला विजय दिसेल. पण तेथे औषध नळ्या आवळण्यापूर्वी दिले होते, आपण ते धाप लागल्यावर ओढतो, आणि ॲलर्जीची सूज त्याने हटत नाही. म्हणूनच २०१९ पासून ‘जीना’ या दम्यावरच्या जागतिक संस्थेची मार्गदर्शिका प्रौढांना आणि किशोरवयीनांना निव्वळ निळ्या पंपावर ठेवू नये असे सांगते.

खुजेपणाची भीती निराधार नाही, फुगवलेली आहे. बुडेसोनाइड हे पंपातले स्टेरॉइड चार ते सहा वर्षे घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. हा तोटा डॉक्टरांशी बोलून तोलावा, पण पंप परस्पर थांबवू नये.

राहता राहिली समुद्राची हवा. दमा चाळवणारे धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. श्रावणात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवट बुरा धरतो, त्याच खोलीतली कापसाची गादी त्यांना आयतीच मिळते. भाद्रपदात ऊन पडताच ती अंगणात टाकावी, मात्र झटकायला दमेकरी नातवाला उभे करू नये.