आत्मचरित्रातला ‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण?

आत्मचरित्रात लेखकाची राष्ट्रभावना शोधायची म्हणून लोक थेट ‘स्वातंत्र्याची पहाट’ छापाच्या प्रकरणाकडे वळतात. तिथे बहुधा काही सापडत नाही. त्यापेक्षा सर्वनामं बघा.

कुठलीही पाच पानं घ्या. ‘मी’ला लाल, ‘आम्ही’ला निळी, ‘आपण’ला हिरवी खूण करा. मराठीत ही सोय आयती आहे: ‘आम्ही’त वाचक बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. इंग्रजी अनुवादात दोन्हींचं एकच होतं, म्हणून हे काम मूळ मराठीवरच करा. ‘आपण कशाला मध्ये पडा’ किंवा ‘आपण बसावं’ यातले ‘आपण’ मात्र मोजू नका, ते वेगळे: पहिला स्वतःपुरता, दुसरा समोरच्याला आदराने म्हटलेला.

सर्वनाम गाळलेलं असेल तिथे खरी गोची. पुरुषाने नुसतं ‘मोर्चाला गेलो’ लिहिलं, तर एकटा गेला की सगळे, हे कळतच नाही. बाई ‘गेले’वरून ‘गेलो’वर आली की ती जमावात कुठल्या वाक्याला मिसळली ते लगेच दिसतं. (व्याकरणाच्या तासाला हे कुणी सांगत नाही!)

आता निळा-हिरवा कुठे बदलतो ते पाहा. ‘आम्हाला पाणवठ्यावर मज्जाव होता’ आणि ‘आपला देश स्वतंत्र झाला’ ही वाक्यं एकाच पानावर आली, तर त्यांच्यामधल्या फटीत त्या माणसाचं राष्ट्राशी असलेलं खरं नातं असतं. बेबीताई कांबळे यांनी तर आपल्या आत्मचरित्राला ‘जिणं आमुचं’ म्हणत अनेकवचन शीर्षकातच घेतलं. दया पवार यांच्या १९७८च्या ‘बलुतं’ या आत्मकथनात उलटी चाल आहे: दया पवार आणि दगडू मारुती पवार, म्हणजे एकच माणूस दोन नावांनी, समोरासमोर बसतात, ‘मी’च दुभंगतो. गांधीजींची आत्मकथा १९२०-२१च्या आसपास थांबते. पुढचं आयुष्य इतकं सार्वजनिक झालं की लोकांना ठाऊक नाही असं फारसं उरलं नाही, असं ते स्वतःच म्हणतात. तिथे ‘मी’ला वेगळं सांगण्यासारखं उरलेलं नाही.

लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे ‘१९४२ साली चले जाव चळवळ सुरू झाली, देश पेटून उठला’ असे परिच्छेद. त्यांवर एकही रंग चढत नाही. ते सरळ काढा आणि त्या दिवशी घरात कोण काय बोललं तेवढंच ठेवा.

संपादकांना एकच विनंती. भाषा ‘एकसारखी’ करायच्या नादात ‘आम्ही’चं ‘मी’ करू नका. करायचंच असेल तर आधी लेखकाला विचारा, त्या वाक्यात आणखी कोण कोण उभं होतं.