जुन्या जाहिरातींत पती 'येतात', मोलकरीण 'येते'

जुन्या वर्तमानपत्री जाहिरातींची कात्रणं हल्ली इथं सोशल मीडियावर भरपूर फिरतात. साबण, वनस्पती तूप, केसांचं तेल. वर ओळ ठरलेली : 'तेव्हाची गोंयकार गृहिणी बघा!' अहो, ती बाई गोव्याची नव्हेच. चित्र मुंबईच्या एजन्सीत काढलेलं, छपाईचा ब्लॉक, म्हणजे चित्राचा धातूचा ठसा, तिथूनच आलेला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत एजन्सीचं नाव किंवा सांकेतिक क्रमांक असतो. कात्रण कापताना नेमका तोच उडवतात.

चेहरा सोडा, क्रियापदं बघा. गोव्यातला मराठी 'गोमन्तक' १९६२ला सुरू झाला, इंग्रजी 'नवहिंद टाइम्स' १९६३ला. एकाच मालाची जाहिरात दोन्हींत सापडली, तर शेजारी ठेवून वाचा. इंग्रजीत नवऱ्याला आणि मोलकरणीला क्रियापद एकच. मराठीत मात्र पती ऑफिसातून 'येतात', डॉक्टर 'सांगतात', पत्नी चहा 'आणते', मोलकरीण 'विचारते'. इंग्रजी मजकुरात नसलेली ही उतरंड भाषांतरात शिरते. डॉक्टरांचं समजू शकतो, 'डॉक्टर सांगतो' तेव्हा कुणी छापलं नसतं. पण बायकोला 'त्या' म्हणायला कुणी अडवलं होतं?

मोजायचं असेल तर एका वर्षातले सात अंक काढा, सोमवार ते रविवार, प्रत्येक वार वेगळ्या महिन्यातला. चतुर्थी-दिवाळीचे अंक वेगळे ठेवा, त्यांत जाहिराती फुगतात. प्रत्येक जाहिरातीची तारीख, पान, किती कॉलम, किती सेंटिमीटर, चित्रात कोण, बोलतं कोण, हे लिहा; आणि प्रत्येक क्रियापदासमोर त्याचा कर्ता. तीच जाहिरात पुन्हा आली तर भाषेच्या हिशेबात एकदाच धरा, जागेच्या हिशेबात दरवेळी. इथं गल्लत झाली की एकच साबण अख्ख्या दशकाची भाषा ठरवतो.

तारीख नसलेल्या कात्रणावर किंमत 'न. पै.'मध्ये, म्हणजे नव्या पैशांत, असेल तर ते बहुधा १९५७ ते १९६४मधलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. 'कांहीं', 'नांव' यांच्या अनुस्वारांवर भिस्त ठेवू नका. शुद्धलेखनाचे नियम १९६२ला बदलले, पण सगळ्यांचे हात लगेच थोडेच बदलतात! 'मडगांव' अजून पाट्यांवर आहेच.

आणि छापील चेहऱ्यावरून वर्णाचे निष्कर्ष तर नकोच. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, ठिपके एकमेकांत मिसळतात. जुने अंक जपायला त्यांचे बारीक फोटो काढतात, त्या मायक्रोफिल्मवर काळं आणखी काळं होतं. वर्णाची गोष्ट 'उजळ', 'कांती', 'गोरेपणा' या शब्दांत शोधा.

अस्सल गोवा हवा असेल तर त्याच पानावरच्या बिनचित्राच्या दुकानी जाहिराती वाचा. ब्लॉकला पैसे पडत, म्हणून नुसती अक्षरं : 'आमचेकडे माफक दरात मिळेल', खाली मालाची यादी आणि म्हापशाचा किंवा मडगावचा पत्ता. त्यांत ना पती, ना गृहिणी. 'मिळेल'ला माणूसच लागत नाही. फिरणाऱ्या कात्रणांत मात्र ह्या जाहिराती कधीच दिसत नाहीत.