गाण्याचा तास बंद केलात, विचारलंत कोणाला?

मुलीच्या शाळेच्या पालक ग्रुपवर आज मेसेज पडला. सहावी ते आठवीची गायनाची तासिका सोमवारपासून बंद, त्या जागी 'फाउंडेशन'चा जादा तास. खाली धडाधड अंगठे, जोडलेले हात, फुलं, 'स्तुत्य उपक्रम सर'. अहो, आठवड्यातून एकच तास होता तो! तोही कवायतीचं सामान ठेवतात त्या खोलीत. तेवढाच तुमच्या आयआयटीच्या आडवा येत होता का?

कणीक मळून ठेवलीय आणि लिहायला बसलेय. शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातलं, चहूकडे केळी. शाळेत गायनाचे सर होते, एसटीने यायचे. शाळेची पेटी जुनाट, भात्याला ठिगळं, आणि मधल्या सप्तकातला पंचम, म्हणजे 'प', मेलेला. पट्टी दाबली की नुसती हवा, सूंऽऽ. दुरुस्तीचं काढलं की हेडसर म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. मग सरांनी फर्मान काढलं, पेटीचा पंचम गेलाय, तो तुम्ही द्यायचा. सा रे ग म पेटीवर, मग पेटी गप्प आणि अख्खा वर्ग मिळून 'पऽऽ'. पुढच्या धैवताला, 'ध'ला, पेटी परत यायची. आमचा पंचम चढला-उतरला असेल तर तिथे लगेच चोरी पकडली जायची आणि सगळे हसायचे, सर धरून.

मी बेसूर. तेव्हाही आणि आजही, घरच्यांना विचारा. पण तो 'प' लावायचा तर आधी शेजारणीचा कानाने पकडावा लागायचा. आपण ओरडलो की तिचा ऐकू येत नाही, हे कोणी न सांगता कळायचं. पुढे नोकरीत, घरात, सासरच्या बैठकीत मला जे काही ऐकून घेता आलं, ते मी त्या 'प'वर शिकले. पुरावा मागू नका, नाहीये.

आता ग्रुपवरचा खरा कहर ऐका. एक सद्गृहस्थ लिहितात, 'अंगात कला असेल तर ती आपोआप येते. बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या?'

माझं डोकंच फिरलं.

नव्हत्या गेल्या. 1880 साली आसोद्यात जन्मलेली बाई, अक्षरओळख नाही, ओव्या तोंडी रचायच्या. मुलाने, सोपानदेवांनी वगैरे टिपून ठेवल्या म्हणून 1952 मध्ये छापून आल्या, त्या गेल्यावर. सगळं खरं. पण दादा, त्यांच्या आजूबाजूला काय होतं ते बघा ना. पहाटे घरोघर जातं, त्यावर ओवी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाणार. श्रावणात कानबाई, आमची खानदेशी देवी, बसली की रात्रभर बाया गाणार, आणि पाच वर्षांची पोरगी आजीच्या मांडीवर पेंगत ते सगळं ऐकणार. त्या बाईंच्या गळ्यात गाणं आभाळातून नाही पडलं. अख्खं गाव त्यांना शिकवत होतं, फी न घेता.

आज जातं कुठे आहे? हायवेवरच्या हॉटेलात, दारात शोभेला, वर कुंडी ठेवलेली. कानबाईच्या मिरवणुकीत डीजे. आखाजीची गाणी मोबाईलवर लावतो आणि आपण झोक्यावर बसून फोटो काढतो (मी पण काढते). वर सातपुड्यात, काठी गावच्या राजवाडी होळीला, पोरं अजून ढोलाशेजारी रात्रभर उभी राहून ताल उचलतात. त्यांना नका शिकवू हवं तर. पण आपल्या खाली सपाटीवरच्या पोरांनी चारचौघांत मिळून तोंड उघडायचं कुठे? घरात नाही, गल्लीत नाही, देवळात स्पीकर. उरली होती शाळा.

आणि शाळेत काय? राज्यगीत स्पीकरवर लागतं, पोरं ताठ उभी, तोंडं बंद. बहिणाबाई मराठीच्या पुस्तकात येतात त्या 'ओळींचा अर्थ स्पष्ट करा' म्हणून. जी ओवी गळ्यातून आली ती कोणी गाऊन दाखवत नाही. जळगावच्या विद्यापीठाला मात्र 2018 मध्ये आपण त्यांचं नाव दिलं, भाषणं झाली, टाळ्या झाल्या. स्नेहसंमेलनाला नाच बसवायला बाहेरून माणूस आणायला पैसे असतात. पेटीला नसतात. तेव्हाही नव्हते.

हो, फाउंडेशन लागतं. माझ्याही पोरीचं गणित कच्चं आहे. मान्य. पुढे चला.

काही गायन शिक्षक वर्षभर 15 ऑगस्टची दोन गाणी घोटून घेतात आणि पगार उचलतात, हेही खरं. तसे गणिताचेही असतात. त्यांच्यापायी गणित बंद केलं का कोणी?

एक ताई म्हणाल्या, खाजगी क्लास लावा ना. लावीन की. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देईल, प्रारंभिक, प्रवेशिका, पुढे दहावीला वाढीव गुणही मिळतील. ('कितव्या परीक्षेपासून मार्क मिळतात?' हा प्रश्न आलाच लगेच ग्रुपवर. मुलाला गाणं आवडतं का, हे कोणी विचारलं नाही.) पण माझ्या पोरीच्या वर्गात एकाचे वडील केळीच्या गाड्यांवर घड भरतात. तो कुठला क्लास लावणार? त्याचा गाण्याशी संबंध तेवढ्या एका तासाचा. तो तुम्ही अंगठा दाबून काढून घेतलात.

कायदा तरी वाचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे की सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक हवा. 2020 चं शैक्षणिक धोरण म्हणतं की कला अवांतर समजू नका. कागदावर सगळं छान असतं आपल्याकडे.

असो. थोडी शांत झाले.

आमच्या सरांचं एक मला फार उशिरा कळलं. भाचा गाण्याच्या विशारद परीक्षेला बसलाय, त्याला पेटीची गोष्ट सांगत होते. तो म्हणाला, 'मावशी, सर सा कुठे धरायचे?' काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, हे मला पक्कं आठवतं, कारण वर्ग सुरू होताना ते मोठ्याने सांगायचे. तो म्हणाला, 'मग सा शेजारच्या पांढरी पाचवर घ्यायचा ना! ती मेलेली पट्टी कोमल धैवतावर गेली असती आणि तुमच्या बिलावलात, साध्या शुद्ध स्वरांत, तो लागतच नाही. कोणाला पत्ताही लागला नसता.' इतक्या वर्षांची पेटी वाजवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल? ठाऊक असणारच. तरी रोज काळी चार. रोज तिथे येऊन भाता थांबवायचे आणि आमच्याकडे बघायचे.

शाळेच्या वेळापत्रकात याला काय म्हणतात मला माहीत नाही. फाउंडेशन म्हणायला माझी हरकत नाही.

शनिवारी साडेदहाला पालकसभा आहे. मी जाणार आहे आणि दोनच गोष्टी विचारणार आहे: तास बंद करायचं कोणी ठरवलं, आणि शाळेची पेटी सध्या कुठे आहे. अंगठेवाल्यांनी या, समोर बसा, तोंड उघडून बोला. बाहेर टपरीवर चहा माझ्याकडून.

आणि हो, याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर जाणार हे मला माहीत आहे. टाकायचा तर पूर्ण टाका, अर्धा नको.