‘भरपूर पाणी प्या आणि निघा’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

उष्ण देशांतून, सीमा ओलांडत, एकट्याने सायकलप्रवास करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या बराच फिरतो आहे. जमेल तितके पाणी प्यावे. सायकलवर वारा लागतो, म्हणून उन्हाला भिऊ नये. टायर फुटू नयेत यासाठी हवा कमी ठेवावी. दुपार असह्य झाली तर रात्री चालवावे. सायकलला कागदपत्रे लागत नाहीत, तेव्हा सीमेची काळजी सोडावी. आणि थांबायचे कधी, हे शरीर आपोआप सांगते, असे त्याचे म्हणणे आहे. यातल्या बऱ्याच विधानांत थोडेफार तथ्य आहे, आणि म्हणूनच ती अधिक घातक आहेत.

प्रथम पाणी. सामान लादलेली सायकल कडक उन्हात चालवताना तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो, हे खरे. पण घामाबरोबर मीठही जाते, आणि ते भरून न काढता तासन्‌तास गरजेपेक्षा जास्त नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम १३५ मिलिमोल प्रतिलिटर या किमान पातळीखाली घसरू शकते. मग डोके दुखते, मळमळते, गोंधळल्यासारखे होते. पाणी कमी पडल्यावरही पुष्कळदा असेच होत असल्याने माणूस आणखी पाणी पितो आणि अवस्था बिघडवून घेतो. तहानेप्रमाणे पिणे, जेवणातून मीठ पोटात जाऊ देणे आणि ओआरएसच्या पुड्या जवळ बाळगणे, एवढे तरी करावेच. पुडी संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घ्यावे. शिवाय ऊन अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे जातात. त्या काळात रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ घटते. कितीही पाणी प्यायले तरी हे आठवडे वाचवता येत नाहीत.

वाऱ्याचे म्हणणे सपाटीपुरते ठीक. चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर आला की तो वारा उरत नाही, आणि पाठीमागचा वारा आपल्याच वेगाने येत असेल तर सपाटीवरही झुळूक लागत नाही. दमट किनारपट्टीवर घाम न वाळता नुसता ठिबकतो. कोरड्या वाळवंटात उलट तो इतक्या झटपट वाळतो की शर्टावर मिठाचे पांढरे ओघळ दिसेपर्यंत घाम आल्याचा पत्ताही लागत नाही. तिथे सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट उघड्या अंगापेक्षा बरा.

टायरचा मुद्दा साध्या हिशेबाने निकालात निघतो. २५ अंशांना ५० पीएसआय (टायरमधील दाब मोजण्याचे एकक) भरलेली हवा ६५ अंशांपर्यंत तापली तरी दाब साधारण ५९ पीएसआय होतो, आणि टायरवर छापलेली कमाल मर्यादा त्याहून वर असेल तर चिंतेचे कारण नाही. हवा कमी ठेवली तर मात्र ओझ्याखाली ट्यूब रिमवर चिमटते आणि पंक्चर होते.

रात्रीच्या प्रवासाचा सल्ला देणारे दिवसा झोपायचे कुठे, हे सांगत नाहीत. उन्हातला तंबू भट्टीसारखा तापतो, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते. रस्त्यावर अंधारात जनावरे येतात, शिवाय मोठी वाहने. ऑस्ट्रेलियाच्या स्टुअर्ट महामार्गावर ५३.५ मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, धावतात. हवा सर्वांत थंड असते ती सूर्योदयाच्या सुमारास. तांबडे फुटताच निघून दहा-अकराला सावली गाठणे यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे.

सीमेबाबत एवढे मान्य की मोटारीला काही देशांत लागणारे कार्ने, म्हणजे वाहन तात्पुरते देशात नेण्याचे सीमाशुल्काचे कागदपत्र, सायकलला सहसा लागत नाही. पण कागद लागतात ते स्वाराला. ई-व्हिसा पुष्कळदा ठरावीक नाक्यांवरच चालतो. पीतज्वराच्या लशीचा दाखला टोचून घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. अल्जीरिया आणि मोरोक्को यांच्यातील भूसीमा तर १९९४ पासून बंद आहे. तुर्कमेनिस्तानचा पारगमन व्हिसा अनेक वर्षे सायकलस्वारांना जेमतेम पाच दिवसांचा मिळे आणि तेवढ्यात सुमारे ५०० किलोमीटरचे वाळवंट पार करावे लागे. उन्हात दुपारी थांबा म्हणणे सोपे आहे. मुदत संपत आली असता थांबणार कोण? आणि सीमा धैर्याला भुलत नाही. उंच चाकाच्या सायकलने पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या थॉमस स्टीव्हन्स यांनाही १८८६ मध्ये अफगाणिस्तानातून माघारी पाठवण्यात आले, आणि पुढे जहाजाने कराची गाठावी लागली.

राहिला शेवटचा दावा, आणि माझ्या मते हाच सर्वांत धोक्याचा. उष्माघातात शरीराचे तापमान साधारण ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. म्हणजे ज्या बुद्धीने थांबण्याचा निर्णय घ्यायचा, तीच आधी डळमळते. सोबती असेल तर तो बरळणे ओळखतो, सावलीत नेतो, अंगावर पाणी ओततो. दवाखान्यात नेण्याआधी शरीर थंड करणे महत्त्वाचे असते. एकट्याला यातले काहीच मिळत नाही. म्हणून किती वाजता, किती पाणी उरल्यावर आणि कोणत्या लक्षणाला थांबायचे, हे त्याने सकाळी डोके ताळ्यावर असतानाच लिहून हँडलवर चिकटवावे, आणि दुपारी त्यावर स्वतःशी वाद घालू नये.