बंदरातला दुर्मिळ पक्षी म्हणजे चुकीचीच ओळख?

पक्षीनिरीक्षकांमध्ये एक मजकूर वारंवार फिरत असतो. दुर्मिळ समुद्रपक्षी खोल समुद्रातच असतात, शहराच्या बंदरात दिसतात ते सगळे साधे कुरव (सीगल), म्हणून तिथली दुर्मिळ नोंद ही चुकीची ओळखच असते आणि वाद झालाच तर एका स्पष्ट फोटोने तो मिटतो, असे त्याचे म्हणणे आहे. नवख्या निरीक्षकाला बंदराकडे पाठ फिरवायला लावणारा हा दावा मला मुळीच मान्य नाही.

पहिले विधान नोंदींपुढेच टिकत नाही. सैबेरियाच्या आर्क्टिक भागात वीण करणारा रॉसचा कुरव १९७५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट बंदरात, उत्तर अमेरिकेत नेहमी दिसणाऱ्या बोनापार्टच्या कुरवांच्या थव्यात वावरत होता. २०१२ मध्ये सँडी वादळाने तर वादळी पाखरे (स्टॉर्म पेट्रेल हे खुल्या समुद्रातले पक्षी) थेट न्यूयॉर्कच्या हडसन नदीत आणून सोडली. आडोशाचे पाणी आणि मासळीचा टाकाऊ भाग यांमुळे कुरवांचे थवे बंदरात जमतात आणि भरकटलेला पाहुणा बहुधा अशा थव्यातच मिसळतो.

बंदरातली दुर्मिळ नोंद म्हणजे चुकीची ओळख, या दुसऱ्या विधानात तथ्य आहे, पण निष्कर्ष उलटा काढला आहे. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षे लागतात, मधल्या काळात ते दर हंगामात वेगळे दिसतात, शिवाय पांढरी पिसे काळ्या पिसांपेक्षा लवकर झिजत असल्याने पंखांच्या टोकांवरचे पांढरे ठिपके नाहीसे होतात. त्यामुळे चुका होतात, हे खरे. परंतु त्यावरचा उपाय नोंदी फेटाळणे हा नसून नेहमीचे कुरव प्रत्येक वयात आणि प्रत्येक हंगामात पाहून ठेवणे हा आहे.

फोटोवरचा भरवसा मला सर्वांत घातक वाटतो. उन्हात पाठीची राखाडी छटा फिकी उमटते, सावलीत तीच गडद होते आणि शेजारी दुसरा पक्षी नसेल तर आकाराचा अंदाज चुकतो. बोनापार्टचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात पाण्यावर बसलेले असताना दुरून जवळजवळ सारखे दिसतात. मात्र त्यांनी पंख उचलले की काळ्या डोक्याच्या कुरवाच्या टोकाकडच्या पिसांची खालची बाजू काळपट दिसते, तर बोनापार्टच्या कुरवाची तीच बाजू फिकट असून तिला फक्त काळी किनार असते. बसलेल्या पक्ष्याच्या एकाच फोटोत ही खूण येणार तरी कशी? संपूर्ण पांढऱ्या कुरवाचेही तसेच आहे. तो आर्क्टिकचा हस्तिदंती कुरव आहे की रंगद्रव्य कमी असलेला साधा कुरव, हे ठरवताना पाय काळे आहेत का, हे आधी पाहावे लागते आणि पोहणाऱ्या पक्ष्याचे पाय पाण्याखाली असतात.

म्हणून पक्षी उडेपर्यंत थांबावे, फोटो एक न काढता ओळीने बरेच काढावेत आणि चोच, पाय, पंखांची खालची बाजू व शेजारच्या पक्ष्याच्या तुलनेत आकार हे सारे मार्गदर्शक पुस्तक उघडण्यापूर्वीच वहीत उतरवावे. कारण चित्र एकदा पाहिले की डोळ्यांनी न टिपलेल्या खुणाही आठवू लागतात.